घाबरलेला कर्नल आणि त्रेचाळीस डबे

'अगं, फॉरमॅट मारून टाक ना!' कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण सगळ्यांनी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल, तर ते हे. मशीन स्लो झालं? फॉरमॅट मार. व्हायरस शिरला? फॉरमॅट मार. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं दिसली? मग तर विचारूच नको. आजीच्या बटव्यात जशी सर्दीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्यावर एकच सुंठ असायची, तसा कॉम्प्युटरवाल्या मित्रांकडे फॉरमॅट. इलाज जालीम आहे, वादच नाही. फक्त त्यात पेशंटची स्मरणशक्ती जाते, एवढंच.

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी हे वाक्य मी चार तासांत तीन जणांकडून ऐकलं. ऑफिसमधल्या शेजारच्या सीटवरून एकदा, मामेभावाकडून फोनवर एकदा, आणि एका रिपेअरवाल्याकडून एकदा. त्यानं तर लॅपटॉप बघितलाही नव्हता. 'लिनक्स आहे का? मग मॅडम, विंडोज टाकून देतो. डेटाची गॅरंटी नाही.' मी तिघांनाही नको म्हटलं.

आधीच सांगते, मी इंजिनियर वगैरे नाही. हिंजवडीतल्या एका ऑफिसात पेरोल बघते. म्हणजे कुणाची किती रजा, कुणाचा किती पीएफ, महिनाअखेरीला सगळ्यांच्या शिव्या. आणि हा लॅपटॉप माझा असता तर कदाचित मीही चौथ्यांदा तेच वाक्य म्हटलं असतं. पण तो आईचा होता आणि तारीख होती एकोणतीस.

आई सदाशिव पेठेत डबे देते. त्रेचाळीस डबे, दोन वेळचे. गिऱ्हाइकं जवळपास सगळी एमपीएससीवाली. बीड, नांदेड, सांगली, बुलढाणा. तीन-तीन जणांत एक खोली, दिवसभर अभ्यासिका आणि दोन वेळा आईची पोळीभाजी. बाहेरच्यांना वाटतं की डब्याच्या धंद्यात हिशेब असतो तो पोळ्यांचा आणि तेलाच्या डब्यांचा. छे! खरा हिशेब असतो खाड्यांचा. 'काकू, चार दिवस गावी जातोय.' 'काकू, चतुर्थी आहे, दुपारचा नको.' 'काकू, भाऊ आलाय, दोन डबे जास्त.' असे महिन्याला शे-दीडशे निरोप. त्यातला एक जरी चुकला तरी बिल चुकतं आणि बिल चुकलं की मुलगा तोंडानं काही बोलत नाही, पण पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या मेसला जातो.

वीस वर्षं हे सगळं एका लांबड्या लाल वहीत होतं. दिवाळीपासून ते लॅपटॉपवर आलं.

हा लॅपटॉप २०१६ सालचा, माझाच जुना. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमचं हे धूड दोन्ही परीक्षांत नापास. पण स्क्रीन चांगली, कीबोर्ड मस्त, फेकवेना. मग त्यावर लिनक्स मिंट टाकलं. चकटफू आणि दिसायला साधारण जुन्या विंडोजसारखंच. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं जे सुरू केलं, त्याचं हे एक घरगुती रूप. लिनक्स म्हणजे हुडी घातलेल्या हॅकर लोकांचं काम, असं अजूनही वाटत असेल तर खिशातला अँड्रॉइड फोन बाहेर काढा. त्याच्याही पोटात लिनक्सचाच कर्नल आहे.

आईला त्याचं काहीच नव्हतं. तिला लिब्रेऑफिसमधलं एक पान हवं होतं: डावीकडे मराठीत नावं, वर तारखा, मध्ये खाड्यांच्या फुल्या. आणि शेवटी एक कॉलम, जो तिनं स्वतःहून मागून घेतला. त्याचं नाव 'नंतर'. ज्याच्याकडून या महिन्यात पैसे यायचे नाहीत, त्याचा आकडा तिथे.

तर तो गुरुवार. गुरुवार म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार. पण त्या दिवशी सकाळी गेलीच नाही, म्हणून सगळे निर्धास्त. दुपारी चार वाजता आईनं कोपऱ्यातली ढालीची खूण बघितली, अपडेट आलाय म्हणून नेहमीप्रमाणे बटण दाबलं, पासवर्ड घातला आणि कणीक मळायला गेली. नेमकी तेव्हा लाइट गेली. दहा वर्षांच्या बॅटरीचा दम तो किती! दहा मिनिटांत लॅपटॉपनं मान टाकली.

सहाला माझा फोन वाजला.

'अगं, लाइट आली म्हणून चालू केला. तर इथे कुठला तरी कर्नल घाबरलाय म्हणून लिहिलंय.'

'कोण घाबरलंय?'

'कर्नल पॅनिक असं आहे बघ. आणि ते कॅप्स लॉकचं दिवटं सारखं लुकलुकतंय.'

मी कंपनीच्या बसमध्ये, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये. हसू आलं आणि लगेच पोटात गोळाही आला. कारण बिलं जातात एक तारखेला. किराणावाला, गॅसवाला आणि पोळ्यांच्या मावशी दोन-तीन तारखेला उभ्या. आमचा बॅकअपचा शिरस्ता महिन्याचा: बिलं झाली की ती फाइल पेन ड्राइव्हवर. म्हणजे शेवटची प्रत एक जानेवारीची. अख्ख्या जानेवारीचे खाडे त्या घाबरलेल्या कर्नलच्या ताब्यात.

'जाऊ दे गं,' आई म्हणाली, 'विचारीन एकेकाला, किती दिवस नव्हतास म्हणून. खोटं नाही सांगायची पोरं.'

खोटं नसतीच बोलली. पण मला तिच्या आवाजात तेवढंच ऐकू आलं नाही. खाडे विचारता येतात. 'नंतर'चा कॉलम कसा विचारायचा? सोयाबीनला भाव मिळाला नाही म्हणून ज्याच्या घरून पैसे आले नाहीत, त्याला जिन्यात थांबवून 'तुझे किती राहिलेत रे' असं म्हणायचं? आईनं वीस वर्षांत हा प्रश्न एकदाही कुणाला विचारलेला नाही. तो विचारायला लागू नये म्हणूनच तर ती वही होती. वहीची जागा लॅपटॉपनं घेतली, ती माझ्या आग्रहानं.

'बंद करून ठेव,' मी म्हटलं, 'आणि आधी स्क्रीनचा फोटो पाठव.'

आता इथे जरा थांबून एक फंडा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कॉम्प्युटर 'चालू होणं' ही एक घटना नसते, ती डबेवाल्यांसारखी साखळी असते. मुंबईत घरून निघालेला डबा कसा तीन-चार हातांतून जातो! घरून उचलणारा वेगळा, लोकलमध्ये चढवणारा वेगळा, ऑफिसच्या दारात देणारा वेगळा. डबा पोचला नाही तर अक्कल असलेला माणूस एकच प्रश्न विचारतो: कुठल्या दोन हातांच्या मध्ये अडकला? 'सगळे डबे फेकून नवे घ्या' असं कुणी म्हणत नाही. फॉरमॅट म्हणजे नेमकं तेच.

लॅपटॉपचं बटण दाबलं की पहिला जागा होतो तो मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम. पूर्वी त्याला बायॉस म्हणायचे, आता यूईएफआय. तो हात-पाय हलताहेत का बघतो आणि डिस्क शोधतो. त्यालाच डिस्क सापडली नाही तर 'नो बूटेबल डिव्हाइस' असा निरोप येतो. तो पुढे डबा देतो ग्रबच्या हातात. ग्रब म्हणजे ग्रँड युनिफाइड बूटलोडर. फिजिक्सवाल्यांच्या 'ग्रँड युनिफाइड थिअरी'वरची कोटी आहे ती. कॉम्प्युटरवाले विनोदही असेच करतात. ग्रबचं काम एवढंच की कर्नल डिस्कवरून उचलायचा आणि मेमरीत नेऊन ठेवायचा. इथेच गाडी अडली तर 'ग्रब रेस्क्यू' अशी दोन शब्दांची ओळ दिसते आणि भल्याभल्यांची टरकते.

कर्नल म्हणजे मुख्य आचारी. पण गंमत अशी की आचारी आला तरी स्वयंपाकघर कुलूपबंद असतं. डिस्क कुठल्या प्रकारची, तिच्यावरची मांडणी कशी, ती उघडायची कशी, हे सगळं त्याच्या डोक्यात असेलच असं नाही. म्हणून ग्रब त्याच्यासोबत एक छोटी पिशवी देतो, तिचं नाव इनिटरॅमएफएस. तिच्यात किल्ल्या. आचाऱ्यानं पिशवी उघडायची, किल्ली काढायची, स्वयंपाकघर उघडायचं, आणि मग सिस्टीमडी नावाचा मुकादम येऊन बाकीच्या सगळ्यांना कामाला लावतो. सगळ्यात शेवटी आपल्याला वॉलपेपर दिसतो आणि आपण म्हणतो, 'हं, चालू झाला.'

बसमध्ये फोटो आला. चाळीसेक ओळींचा गिचका. पण वाचायची होती एकच: 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)'. शिव्या दिल्यासारखं वाटतं, पण मराठीत सांगायचं तर आचारी म्हणतोय, 'मी आलोय हो, पण कुठलं दार उघडायचं तेच मला कळत नाहीये.' शून्य, शून्य म्हणजे त्याला दाराचा पत्ताच मिळालेला नाही. आता बघा, एवढ्या एका ओळीतून काय काय कळलं. पहिला हात ठीक, नाहीतर डिस्कच सापडली नसती. ग्रब ठीक. कर्नल स्वतः जिवंत, नाहीतर घाबरला कसा असता? अडकलंय ते पिशवीपाशी. आणि आईची फाइल? तिच्यापर्यंत अजून कुणी पोचलंच नव्हतं. तिला काही झालंय असं या ओळीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

चालू होणं आणि आतलं शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात शिरलं तेव्हा बस चांदणी चौकाच्या पुढे आली होती आणि माझा श्वास थोडा खाली बसला.

घरी पोचून पहिलं काम: चालू करताना एस्केप दाबणं. एकदाच हं! घाईघाईनं दहादा दाबलं तर मेनूऐवजी नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो आणि नवीनच टेन्शन. एकदा दाबलं की ग्रबचा मेनू दिसतो. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' नावाची ओळ असते, जी आपण कधीच उघडत नाही. तिच्या आत जुना कर्नल बसलेला असतो. लिनक्सचं हे मला फार आवडतं. नवीन कर्नल आला म्हणून जुन्याला लगेच घराबाहेर काढत नाहीत. नवा रुळेपर्यंत जुना त्याची स्वतःची पिशवी घेऊन कोपऱ्यात बसून असतो. आपल्या ऑफिसांनी शिकण्यासारखं आहे, पण ते असो.

जुना निवडला. ओळी धावल्या. पॅनिक नाही! मिंटचा लोगोसुद्धा क्षणभर दिसला. आणि मग पुन्हा काळा पडदा: 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली', आणि खाली कंसात 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट.

'हे अजून दुसरंच काहीतरी आलं,' आई मागून म्हणाली. तिच्या दृष्टीनं दुखणं वाढलं होतं. मला मात्र बरं वाटलं, कारण साखळी एक हात पुढे सरकली होती. आता पिशवी मिळाली होती, किल्लीही मिळाली होती, दारही दिसत होतं. दारातला पसारा बघून आचारी म्हणत होता, 'आधी हे आवरा, मग मी आत येतो.' अचानक वीज गेली की डिस्कवर लिहायचं काम अर्धवट राहतं; कुठली फाइल कुठे याचा तिचा हिशेब जुळत नाही. एफएससीके म्हणजे फाइल सिस्टीम चेक. तो हा हिशेब जुळवतो.

आज्ञा समोरच लिहिलेली होती. चालवली असती तर बहुधा पाच मिनिटांत सगळं आटोपलंही असतं. पण दहा वर्षांची डिस्क, आत एकुलती एक फाइल. एफएससीके दुरुस्ती करतो ती डिस्कवर लिहून, आणि डिस्कच शेवटच्या घटका मोजत असेल तर लिहिण्याचा ताण तिला मारू शकतो. आधी माल बाहेर, मग दुरुस्ती. घराला गळती लागली तर आपण गवंड्याला बोलावण्याआधी गाद्या हलवतोच ना?

माल बाहेर काढायला लागतो लाइव्ह पेन ड्राइव्ह. म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच अख्खं लिनक्स चालवायचं आणि लॅपटॉपच्या डिस्ककडे नुसतं कपाट म्हणून बघायचं. मी दिवाळीत केलेला पेन ड्राइव्ह सध्या मामाच्या गाडीत भावगीतं वाजवत होता. नवीन बनवायचा तर दुसरा कॉम्प्युटर हवा. माझ्या बॅगेत ऑफिसचा लॅपटॉप होता, पण तुम्हाला माहीतच आहे: यूएसबी पोर्ट ब्लॉक, काहीही इन्स्टॉल करायला परवानगी नाही, आणि आयटीच्या हेल्पडेस्कला तिकीट टाकलं की सोमवार.

'त्या बीडच्या मुलाला बोलावू का?' आई म्हणाली. 'कॉम्प्युटर इंजिनियर आहे तो. डबा न्यायला येईलच आता.'

तो आला. पंचवीस-सव्वीसचा, चष्मा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप आणि राज्यशास्त्राचं जाडजूड पुस्तक. दोन वर्षं एका कंपनीत नोकरी करून, सोडून, आता दुसऱ्यांदा मेन्स देतोय. स्क्रीन बघितली आणि म्हणाला, 'ताई, तुम्ही अजून एफएससीके चालवला नाही ना? बरं केलं.' त्या दिवसात फॉरमॅट हा शब्द न उच्चारणारा तो पहिला माणूस.

तीन जीबीच्या आसपासची मिंटची फाइल उतरवायला पाऊण तास. तेवढ्यात आईनं त्याला पाटावर बसवलं. डबा भरलेला होता तो तसाच राहिला, गरम पोळ्या ताटात पडल्या. रुफस नावाच्या प्रोग्रॅमनं त्यानं पेन ड्राइव्ह तयार केला. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची की दाबायची, आमच्याकडे ती एफ-१२ आहे, प्रत्येक कंपनीची वेगळी. पेन ड्राइव्ह निवडला, आणि दोन मिनिटांत तोच लॅपटॉप, ज्याला संध्याकाळपासून लोक मेलेला म्हणत होते, हिरव्या पानाचा लोगो दाखवत उघडला.

त्यानं आधी डिस्कची तब्येत बघितली. 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट रिपोर्ट असतो, डिस्क स्वतःबद्दल स्वतःच नोंदी ठेवते तो. खराब म्हणून बदललेले सेक्टर: शून्य. बदलायचे बाकी: शून्य. म्हातारी आहे, पण ठणठणीत. मग तिला फक्त वाचण्यापुरतं उघडलं, होम फोल्डर, आईचं नाव, 'डबे'. फाइल तिथेच होती. चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना शेवटची सेव्ह केलेली.

त्यानं ती दोन ठिकाणी कॉपी केली. आणि कॉपी पूर्ण आहे ना हे बघायला, जे कुठलाही शहाणा माणूस करेल, ती उघडली.

त्रेचाळीस ओळी. खाड्यांच्या फुल्या. उजवीकडे 'नंतर'चा कॉलम. बहुतेक सगळे रकाने रिकामे, चार-पाच भरलेले. त्यातला एक त्याचा. नोव्हेंबर, डिसेंबर आणि आता जानेवारी. मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते, मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यालाही कळत होतं. आई ओट्याशी. फाइलमध्ये त्या आकड्याशेजारी आईनं कंसात लिहिलेलं होतं, 'मेन्सनंतर. विचारू नये.'

तो दोन सेकंद गप्प राहिला. मग खाली स्क्रोल करत त्रेचाळिसाव्या ओळीपर्यंत गेला, बेरजा तपासल्या, फाइल बंद केली. 'पूर्ण आहे ताई. काही गेलेलं नाही.' एवढंच. मी म्हटलं, 'थँक्स.' त्याहून हुशारीचं मला काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बरं झालं मी बोलले नाही.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. डिस्क अनमाउंट केली, कारण उघड्या डिस्कवर एफएससीके चालवणं म्हणजे माणसं जेवत असताना पंगत उचलणं. एफएससीके चालवला, सगळ्या प्रश्नांना आगाऊच हो म्हणून. त्यानं पाच-सहा अर्धवट नोंदी निस्तरल्या. पेन ड्राइव्ह काढला, परत एस्केप, परत जुना कर्नल, आणि आईचा वॉलपेपर आला. सारसबागेचा, तिनेच काढलेला. आई तिथूनच म्हणाली, 'झाला?' आम्ही दोघं एकदम म्हणालो, 'अर्धा.'

कारण नवीन कर्नलची पिशवी अजून बघायची होती. बूट फोल्डरमध्ये गेलो. नाव होतं, तारीख होती, वेळ दुपारचीच. आकार: शून्य बाइट. बॅटरी गेली ती नेमकी पिशवीवर नाव पडलं होतं आणि आत किल्ल्या पडायच्या होत्या त्या क्षणी. ग्रबनं बिचाऱ्यानं नाव वाचून पिशवी दिली, आचाऱ्यानं उघडली, आत काहीच नाही! घाबरेल नाहीतर काय? आधी अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पूर्ण करायची आज्ञा, मग अपडेट-इनिटरॅमएफएस म्हणजे पिशवी नव्यानं भरायची आज्ञा, मग अपडेट-ग्रब. तीन ओळी, तीन मिनिटं. रीस्टार्ट. कुठलीही की न दाबता सरळ वॉलपेपर. घड्याळात पावणेबारा.

या सगळ्याला खर्च किती आला म्हणाल, तर त्या रात्री शून्य रुपये. नंतर मात्र केला. नवी बॅटरी घेतली आणि राउटर-लॅपटॉपपुरता एक छोटा यूपीएस. टाइमशिफ्ट लावलं. ते सिस्टीमचे फोटो काढून ठेवतं, पण आपल्या फाइली त्यात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. बरेच जण इथे फसतात. फाइलसाठी वेगळी सोय: रोज रात्री दहाला तिची एक प्रत आपोआप पेन ड्राइव्हवर, एक माझ्या मेलवर. ग्रबचा मेनूही आता दरवेळी पाच सेकंद दिसतो, म्हणजे एस्केपचा नेम साधायला नको. आईला ते पाच सेकंद आवडत नाहीत. ती म्हणते, उगाच काय ताटकळत ठेवायचं.

एक तारखेला त्रेचाळीस बिलं गेली. दोन तारखेला किराणावाला आला, पैसे घेऊन गेला. आईनं वही परत काढली नाही. मी दोन दिवस तिच्याकडे चोरून बघत होते. फक्त स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटलाय, तिच्या अक्षरात: 'चालू न झाल्यास १) शेवटची ओळ वाचणे २) फोटो ३) दुसरी ओळ, जुना कर्नल ४) हात लावू नये, मुलीला फोन.' चौथ्या कलमात 'मुलीला' खोडून 'मुलीला किंवा बीडला' असं केलंय.

आणि त्या गुरुवारच्या रात्रीचा खाडा धरायचा की नाही, यावर दोघांचा वाद झाला. तो म्हणत होता, 'काकू, मी डबा नेला नाही, पण जेवलो तर इथेच, खाडा कसला?' आई म्हणत होती, डबा गेला नाही म्हणजे खाडा. फाइलमध्ये एकोणतीस तारखेच्या त्याच्या रकान्यात अजून फुली आहे. त्यानं ती मिटवायला सांगितलीय, आणि लॅपटॉपचा पासवर्ड आईकडे आहे.